पाणी आधी, वाट नंतर

मैत्रिणींनो, सहलीच्या आदल्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात काय चाललेलं असतं? पुऱ्या तळणं, बटाट्याची भाजी कोरडी परतणं, लाडवांचा डबा, लोणच्याची बरणी, चटई, पत्ते, मुलांचे जादा कपडे. सगळं आपण आठवणीनं घेतो. पाण्याचा विषय मात्र सगळ्यांत शेवटी निघतो. दाराला कुलूप लावताना कुणीतरी विचारतं, "पाण्याचं काय गं?" आणि कुणीतरी उत्तर देतं, "अगं, मिळेल की वाटेत!"

तीन वर्षांपूर्वी हे उत्तर देणारी मीच होते. त्या "मिळेल की"ची काय किंमत पडली, आणि पुढं पाण्याचा हिशेब आधी मांडून पायी सहल कशी आखायची हे आम्ही घरच्या घरी कसं शिकलो, ते आज सांगणार आहे. मी काही गिर्यारोहक नाही. घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवणारी तुमच्यासारखीच एक बाई आहे. म्हणूनच वाटतं, मला जमलं ते तुम्हांलाही जमेल.

नदी आहे, पाणी नाही

आम्ही शिरूरचे. जुनी माणसं अजूनही गावाला घोडनदी म्हणतात. माझ्या मोठ्या जाऊबाई दौंडला असतात, भीमेच्या काठी. गावाच्या नावात नदी, जाऊबाईंच्या उशाशी नदी. पण हा पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला भाग. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. कालव्यांनी ऊस आणला खरा, पण कालव्यापासून जरा लांब गेलं की माळ, बाभळी आणि उन्हानं तापलेला काळा दगड.

याच मुलखात कुकडी नदीनं एक नवल करून ठेवलं आहे. ही नदी जुन्नर तालुक्यात नाणेघाटाजवळ, पूर गावच्या कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावते. माणिकडोह आणि येडगावच्या धरणांत अडते, आणि पुढं शिरूर व पारनेर तालुक्यांच्या शिवेवर येते. अलीकडे आमचं टाकळी हाजी, पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातलं निघोज. मधे नदीनं काळा खडक कापत कापत घळ केली आहे आणि त्या खडकात रांजणासारखे खोल खळगे पाडले आहेत. पुराबरोबर आलेले गोटे खळग्यांत अडकतात, पाण्याच्या भोवऱ्यानं गरागरा फिरतात आणि जात्यासारखा खडक झिजवतात. हजारो वर्षं हे दळण चाललं आहे. काठावर मळगंगेचं देऊळ आहे. आम्ही त्या जागेला नुसतं "कुंड" म्हणतो.

त्या एप्रिलमध्ये आम्ही चार बायका आणि पाच मुलं कुंडावर गेलो. देवीचं दर्शन झालं, खळगे पाहून झाले. मग माझ्याच डोक्यात आलं, की नदीच्या पात्रातूनच खाली चालत जाऊ या आणि पुढच्या गावात बस धरू या. साताठ किलोमीटर तर होतं. "नदीकाठानंच तर जायचंय, पाणी कुठं पळून जातंय!" हे वाक्य माझंच.

नदी होती, पण पाणी नव्हतं. जिथं होतं तिथं हिरवंगार, शेवाळलेलं, वर मेलेला मासा. खाली खडक तापलेला, दोन्ही बाजूंना खडक तापलेला. वारा म्हणून नाही. अकरा वाजता बाटल्या रिकाम्या झाल्या. बारा वाजता माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, एकदम गप्प झाली. डोकं दुखतंय म्हणाली, मग उलटी झाली, मग पोटऱ्यांत गोळे आले आणि ती मटकन खाली बसली.

आमचं नशीब बलवत्तर, म्हणून वर बाभळीखाली एक धनगरीण मेंढरं घेऊन बसली होती. तिच्याजवळ ओलं फडकं गुंडाळलेला पाण्याचा कॅन होता. तिनं एक शब्द न विचारता मुलीला सावलीत आडवी केली, पदर भिजवून तिच्या मानेवर, काखेत ठेवला आणि घोट घोट पाणी पाजलं. आमच्या डब्यातली साखर आणि मीठ मी त्यात घातलं. तासाभरानं पोरीच्या चेहऱ्यावर रंग आला. संध्याकाळी डॉक्टरांकडे सलाईन लावावं लागलं.

आणि खरी गोष्ट मला त्या रात्री कळली. तिची पिशवी उपसताना तिची बाटली हाताला लागली. अर्धी भरलेली होती! पाणी संपलं होतं आमचं, तिचं नव्हतं. मी विचारलं, "अगं, मग प्यायली का नाहीस?" तर म्हणाली, "आई, तूच म्हणतेस ना, प्रवासात फार पाणी प्यायचं नाही, मग कुठं जायचं?"

मैत्रिणींनो, हे मीच तिला शिकवलं होतं. मला माझ्या आईनं शिकवलं होतं. एस. टी.च्या प्रवासात, लग्नाच्या वऱ्हाडात, शाळेच्या सहलीत आपण सगळ्याजणी तहान मारतो, कारण आडोसा नसतो. हे वाचताना तुमच्यापैकी किती जणींनी मान हलवली असेल, ते मला इथं बसून दिसतंय.

सासूबाईंची शाळा

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. "बायकांनी कशाला हे नसते उद्योग करायचे!" मीही कान धरले. पण मुलीच्या मनात ते कुंड राहून गेलं होतं. दीड वर्षानं ती म्हणाली, "आई, आपल्याला ते जमलं नाही असंच राहणार का?" तिला उत्तर देता येईना.

उत्तर दिलं सासूबाईंनी. १९७२ च्या दुष्काळात त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. त्या म्हणाल्या, "आम्ही कामावर जाताना वाट नव्हतो विचारत. पाणी कुठाय ते आधी विचारायचो. मग वाट आपोआप ठरायची." माझ्या सगळ्या आखणीचं मूळ हे एक वाक्य आहे.

खरं तर आपल्याकडे हे शहाणपण फार जुनं आहे. कुकडी जिथं उगम पावते त्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातून जुन्नरकडे व्यापारी माल चढवीत. घाटात आणि माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही आहेत. त्या काळच्या लेण्यांतल्या शिलालेखांत टाक्याला "पोढी" म्हटलं आहे, आणि पोढी खोदून देणं हे दान समजलं जाई. दूर कशाला, आमच्या दौंड तालुक्यातून तुकोबांची पालखी जाते, यवत आणि वरवंडला मुक्काम करते. जाऊबाई दर वर्षी दर्शनाला जातात. दिंडीचा टँकर माणसांच्या पुढं मुक्कामावर पोचलेला असतो. वारकरी भक्तीनं चालतो, पण पाण्याची व्यवस्था भाबडेपणावर सोडत नाही.

तिकडे अमेरिकेत अॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीनं कोरलेली प्रचंड दरी आहे, ग्रँड कॅनियन. कुंडाच्या कितीतरी पट मोठी, पण दुखणं तेच: नदी खाली तळाशी, आणि वाटेवर पाण्याचा ठणठणाट. साऊथ कैबाब नावाच्या वाटेवर थेंबभर पाणी नाही. ब्राइट एंजल वाटेवर नळ आहेत, पण त्यांतले काही हंगामीच, आणि नळाची मोठी वाहिनी फुटली तर तेही बंद. म्हणून तिथले अधिकारी सांगतात, की निघायच्या दिवशी कोणते नळ चालू आहेत ते विचारा, आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका. आमच्या सासूबाईंनी अॅरिझोना पाहिलेलं नाही, पण हे ऐकल्यावर म्हणाल्या, "मग मी काय वेगळं सांगते?"

वहीतला नकाशा

आता आखणी कशी केली ते सांगते. मुलीनं एक शंभर पानी वही केली. त्यात वाटेची नोंद नाही, पाण्याची नोंद. आम्ही मायलेकी ठरलेल्या वाटेच्या आसपास स्कूटरवरून दोनदा हिंडलो आणि प्रत्येक पाणवठा डोळ्यांनी पाहिला. प्रत्येकापुढं चार गोष्टी लिहिल्या: काय आहे (विहीर, हापसा, नळ, बंधारा), कुणाचं आहे, काढायचं कसं, आणि पिण्याजोगं आहे का. मग तीन रकाने केले.

पहिला रकाना "पक्कं". जिथं माणूस राहतं आणि रोज तेच पाणी पितं ते. गावातला नळ, वस्तीवरचा माठ, देवळाजवळचं चहाचं दुकान.

दुसरा "बहुतेक". शेतातली विहीर, हापसा. आहे, पण त्या दिवशी असेलच असं नाही.

तिसरा "नुसतं दिसायला". नदीतले डोह, बंधाऱ्यामागचं पाणी, कुंडाचे खळगे. या पाण्यानं पाय धुवायचे, फडकं भिजवायचं. पोटात घालायचं नाही.

एक गोष्ट आमच्या भागातल्या मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगते. कुकडी काय किंवा घोड काय, या नद्या आता पावसावर नाही, धरणांच्या आवर्तनावर वाहतात. आवर्तन सुटलं की कोरडं पात्र भरतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे ढापे काढले की खालच्या अंगाला एकदम पाणी येतं. तेव्हा निघण्याआधी काठच्या शेतकऱ्यांना आवर्तनाची तारीख विचाराच, आणि पात्रात मुक्काम कधीही करू नका. शिवाय नदीकाठी ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे, हे आम्हां शिरूरकरांना सांगायला नकोच. अंधार पडल्यावर पाणी आणायला नदीवर जाणं, लहान मुलांना पाठवणं, अगदी वर्ज्य. आम्ही रात्रीचा मुक्काम ओळखीच्या एका वस्तीवर, पक्क्या घरात ठेवला.

महिना निवडला जानेवारी. ज्या सहलीला पाणी कमी, तिला ऊनही कमी हवं.

घागरीचा हिशेब

आता गणित. दुधाचा रतीब ठरवताना जसं माणशी मोजतो, तसंच हे. चालताना दर तासाला माणशी निदान अर्धा लिटर लागतं. कडक उन्हात पाऊण ते एक लिटर. आम्ही रोज साडेपाच तास चालणार होतो, म्हणजे पावणेतीन लिटर. बाकीच्या वेळी प्यायला, जेवताना आणि हात-तोंडाला सव्वादोन लिटर. झाले माणशी पाच लिटर. आम्ही चार बायका, तीन मुलं: सात पंचे पस्तीस लिटर, एका दिवसाचे.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. पस्तीस किलो कोण उचलणार? बायकांनी तीन-तीन लिटर, मुलांनी दीड-दीड घ्यायचं ठरवलं. साडेसोळा लिटर झाले. उरले साडेअठरा. म्हणून वीस लिटरचा एक कॅन आदल्या दिवशीच रिक्षानं कुंडाजवळच्या दुकानात नेऊन ठेवला, वर नाव आणि तारीख लिहून. ग्रँड कॅनियनच्या वाटांवर लांब चालणारे लोकही परतीच्या वाटेवर असं पाणी आधी ठेवून देतात, नाव-तारखेसकट. पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या. एक मोठी बाटली फुटली तर सगळंच जातं.

मग दोन नियम केले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

पहिला: एक तृतीयांश पाणी राखीव. साडेसोळातले साडेपाच लिटर हे नसल्यासारखेच धरायचे.

दुसरा: राखीव पाण्याला हात लागण्याची वेळ आली आणि पुढचा "पक्का" पाणवठा आलेला नसेल, तर पुढं जायचं नाही. सगळ्यांत जवळचं गाव गाठायचं, मग सहल अर्धी राहिली तरी चालेल.

वहीची मालकीण मुलगी. मोठ्यांनी तिचं ऐकायचं, असंही लिहून घेतलं तिनं!

डबा, औषध आणि आडोसा

जिथं पाणी मोजकं, तिथं स्वयंपाकही तसाच हवा. खारट चिवडा, लोणची, फरसाण घेऊ नका असं नाही, पण त्यावर पाणी जास्त लागतं हे धरून चाला. आम्ही दशम्या नेल्या, दुधात भिजवलेल्या. त्या दोन दिवस मऊ राहतात. बरोबर कांदा, काकडी, गूळ-दाणे, राजगिऱ्याचे लाडू, लिंबं. ताटल्या धुण्यात पाणी जातं, म्हणून पत्रावळी. भात, पिठलं, मॅगी असलं पाणी पिणारं काहीच नाही. बाटलीला जुन्या धोतराचं फडकं ओलं करून गुंडाळा. वाऱ्यानं पाणी माठासारखं गार राहतं. फडकं भिजवायला नदीचं पाणी चालतं.

कधी शंकेचं पाणी वापरावंच लागलं तर चौपदरी फडक्यातून गाळा, खळखळून उकळू द्या, उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच ठेवा. सरपण नसेल तर क्लोरीनची गोळी किंवा थेंब, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि निदान अर्धा तास थांबायचं. पण एक लक्षात ठेवा: उकळल्यानं जंतू मरतात, शेतातून वाहून आलेलं खत आणि औषध जात नाही. हिरव्या शेवाळाचं विषही जात नाही. म्हणून तिसऱ्या रकान्याच्या पाण्याला उकळूनसुद्धा तोंड लावायचं नाही.

नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही. घामातून मीठ जातं, ते भरून यायला हवं. जलसंजीवनीची पुडी न्या. नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ चुकूनही जास्त नको. या साध्या मिश्रणाची थोरवी माहीत आहे? १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ आली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन अपुरं पडतंय म्हणून असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून कितीतरी जीव वाचवले.

उन्हाची लक्षणं प्रत्येकीला पाठ हवीत. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चिडचिड किंवा एकदम गप्प होणं: ताबडतोब सावली, कपडे सैल, ओलं फडकं, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी. पण माणूस बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर तो उष्माघात. मग मिळेल त्या पाण्यानं सगळं अंग भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नका.

आणि आता आपला, बायकांचा विषय. यावर कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. आम्ही वहीत पाणवठ्यांबरोबर "आडोसा" असा चौथा रकाना केला. दर दीड तासानं एक जागा आधीच हेरून ठेवलेली, पाणवठ्यापासून लांब. बरोबर एक जुनं गडद रंगाचं लुगडं. दोघींनी धरलं की झाली खोली. मातीत खड्डा करायला खुरपं. पाळीची तारीख जवळ असेल तर लागणारं सामान आणि वापरलेलं परत आणायला घट्ट पिशवी. आणि नियम असा, की थांबलो की सगळ्यांनी जायचं, आणि जाऊन आलो की सगळ्यांनी प्यायचं. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय, हे मुलींना मोकळेपणानं सांगा. आडोशाची सोय झाली की तहान मारण्याचं कारणच उरत नाही. माझं मत विचाराल, तर साऱ्या आखणीत हा रकाना सर्वांत मोलाचा.

वहीची परीक्षा

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही निघालो. दौंडहून जाऊबाई आल्या, हातात त्यांचा रेल्वेतला जुना फिरकीचा तांब्या! पहिला दिवस सुरेख गेला. कुंडावर आमचा कॅन वाट पाहत होता. त्या पाण्याकडे पाहून इतका आनंद मला दागिन्यांच्या दुकानातही झाला नसेल. रात्री वस्तीवर गरम भाकरी, पिठलं आणि वर उघडं आभाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाटल्या भरून निघालो. तीन तासांनी एक विहीर लागायची होती, मोटार बसवलेली. दोनदा पाहिलेली, मालकाशी बोललेली. मी मोठ्या खात्रीनं ती "पक्कं"मध्ये घालायला लावली होती. मुलगी "बहुतेक" म्हणत होती.

साडेदहाला विहिरीवर पोचलो तर मोटार बंद. शेतीची वीज आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री येते. आम्ही पाहायला आलो तेव्हा दिवसपाळी होती, आता रात्रपाळी. मालकाच्या घराला कुलूप, मंडळी लग्नाला गेलेली. विहिरीत पाणी खोल चमकत होतं आणि आमच्याजवळ ना दोर, ना बालदी. दोराचं कुणाला सुचलंच नव्हतं!

मुलीनं बाटल्या एका ओळीत मांडल्या. सहा लिटर उरले होते. म्हणजे राखीव साडेपाच, आणि हातात अर्धा लिटर, सात माणसांत. पुढं चार किलोमीटर पात्रातून गेलं की आमचं ठरलेलं गाव. मागं, डाव्या अंगाला, दीड किलोमीटरवर बैलगाडीची वाट आणि एक लहान गाव.

खरं सांगते, मला पुढं जायचं होतं. चारच किलोमीटर! थंडीचे दिवस, सगळ्याजणी ठणठणीत. "जमेल गं," असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पोरगी वही मिटत म्हणाली, "आई, आपण लिहिलंय ते. वर चढायचं." जाऊबाई माझ्याकडे पाहून हसल्या आणि आधी उठल्या.

आम्ही वर चढलो. गावच्या पहिल्याच घरात एका आजीनं माठातलं पाणी दिलं आणि वर आमच्यावरच रागावल्या, "बायांनो, इहिरीवर जाताना दोर नेत नाय व्हय?" ती चार किलोमीटरची वाट राहिली ती राहिलीच. त्या दिवशी आम्ही पुढं गेलो असतो तर कदाचित काहीच झालं नसतं. पण "कदाचित" हा शब्द मी एकदा बाभळीखाली बसून पुरता ओळखला आहे.

वहीत आता "दोर, बालदी" असं लाल शाईनं लिहिलं आहे. आणि मोटारीची विहीर कायमची "बहुतेक"मध्ये गेली आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळही एखादा गड असेल, एखादी घळ असेल, मळ्यापलीकडचं एखादं देऊळ असेल. जरूर जा, लेकींना घेऊन जा. पण आदल्या रात्री पुऱ्या तळायच्या आधी एक वही काढा. चार रकाने आखा: पक्कं, बहुतेक, नुसतं दिसायला आणि आडोसा. माणशी पाच लिटरचा हिशेब मांडा. मग वाट ठरवा.

आमच्या घरी आता प्रवासाला निघताना एक नवीन प्रश्न ऐकू येतो. पूर्वी मी लेकीला सांगायचे, "फार पिऊ नकोस हं." आता ती मला विचारते, "आई, तू प्यायलीस का?" आणि मी तिच्यासमोर तांब्या तोंडाला लावते.